खेळण्यातल्या इंजिनांची किंमत करून देणारे काका : पाचपैकी चार

दुकान म्हणावं असं काही नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लाकडी जिना, दाराला पाटी नाही. काकांनी नाव-नंबर कुठेही टाकू नका असं बजावलंय, म्हणून टाकत नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना मेसेजमध्ये पत्ता सांगेन.

झालं असं, की दादर पारशी कॉलनीतल्या एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या मामांची ट्रंक आमच्या गिरगावातल्या वाचनालयाला देणगी दिली. आत अकरा मॉडेल इंजिनं. विका आणि मुलांच्या विभागाला पुस्तकं घ्या, म्हणाल्या. मी खजिनदार. देणगीच्या वहीत ‘खेळणी, ११ नग’ एवढंच लिहून कसं भागेल? पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारणारच, केवढ्याला विकलीत आणि कोणाला.

आधी चोरबाजारात गेले. एका दुकानदाराने झाकण अर्धवट उचललं, ‘सगळ्याचे सात हजार’ म्हणाला आणि लगेच नोटा मोजायला घेतल्या. त्या घाईनेच मी सावध झाले.

काकांची पहिली अट त्याच्या नेमकी उलट. “ताई, मी यातलं एकही विकत घेणार नाही. मला विकायचं मनात असेल तर किंमत दुसऱ्याकडून करून आणा.” फी इंजिनामागे ३०० रुपये. मला विचाराल तर एवढ्या एका वाक्यासाठी तीन जिने चढावेत.

काका परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इंजिन हातात आलं की आधी उलटं करतात. रंग, चकाकी सगळं नंतर. चाकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून रुळांचं माप काढलं, बहुतेकांचं १६.५ मिलिमीटर. मला वाटलं, म्हणजे सगळी एकाच मापाची. नाही! रूळ तोच, पण युरोपातलं एचओ म्हणजे मूळ गाडीच्या ८७व्या हिश्श्याचं आणि ब्रिटिश डबलओ म्हणजे साधारण ७६व्या. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान, त्यात त्या काळची मोटर मावेना, म्हणून अंग फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. “आपल्या ब्रॉडगेजचं एचओ मॉडेल खरं तर १९ मिलिमीटरच्या रुळांवर पाहिजे. पण ऐकतो कोण?” हे त्यांचं दुखणं दिसतंय, दोनदा काढलं.

तीन इंजिनं हॉर्नबी डब्लो निघाली. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबींची लिव्हरपूलची कंपनी, डब्लो ही तिची डबलओ मापाची मालिका १९३८ मध्ये बाजारात आली, १९५९ पर्यंत रूळ तीनपट्टीचेच, मधली पट्टी विजेची. त्यातलं निळं, निमुळत्या तोंडाचं ‘सर नायजेल ग्रेसली’ नावाचं इंजिन चावीचं होतं आणि नंबर ४४९८. युद्धानंतरच्या मॉडेलवर ७ असतो, कारण खऱ्या इंजिनाचाच नंबर १९४६ मध्ये बदलला. शिवाय डब्लोत चावीची इंजिनं फक्त युद्धाआधीची. म्हणजे ट्रंकेतला सर्वांत दुर्मीळ नग! मी मनात कपाटं भरायला लागले. काकांनी भिंगातून चौकट दाखवली. केसाएवढ्या भेगा, आणि एक कोपरा बोट लावताच शिळ्या बिस्किटासारखा सुटला. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून फुटत जातो, आणि मुंबईची दमट हवा त्याला घाई करते. इलाज नाही. कागदावर आलं : ‘सुट्या भागांपुरती किंमत.’

आम्हाला सगळ्यांत भारी वाटलेली प्रिन्सेस एलिझाबेथ ट्रायँग या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची, प्लास्टिकची, ढिगाने निघालेली. आठशे रुपये. डब्लोच्या डचेस ऑफ अॅथॉलला सहा हजार आले असते, पण आमच्या चिटणीसांनी उत्साहाने ब्रासो लावून नंबरच अर्धा पुसून ठेवला होता. साडेतीन. (चिटणीस हे वाचतील. वाचू देत.)

आणि मग मगर. मेर्कलिन या जर्मन कंपनीचं लांब हिरवं स्विस इंजिन, दोन्हीकडे नाकं, मध्ये केबिन, म्हणून त्याला मगर म्हणतात. चिटणीसांच्या नातवाने ते आपल्या ट्रॅकवर ठेवलं तेव्हा कंट्रोलर फटकन बंद पडला आणि आम्ही इंजिन मेलं असं धरून बसलो. काका हसले. मेर्कलिनच्या दोन्ही बाजूंची चाकं विजेने जोडलेलीच असतात, करंट मधल्या टिकल्यांवरून पोटाखालची पट्टी उचलते, आणि तोही एसी. दोनपट्टीच्या रुळांवर शॉर्ट होणारच. त्यांनी स्वतःच्या तुकडाभर ट्रॅकवर लावलं आणि ते घरघरत निघालं. माझे बाबा कल्याण शेडला ड्रायव्हर, घाटात मालगाडी घेऊन जायचे ते याच घराण्यातलं, डब्ल्यूसीजी-१. पहिली काही १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला बांधलेली. आमच्या घरात त्याला खेकडाच म्हणायचे. मी काही बोलले नाही, पण काकांनी न मागता आणखी दोन फेऱ्या मारल्या. अठरा ते बावीस हजार.

आकडे येतात कुठून, हेही त्यांनी समजावलं. लोक ऑनलाइन काय मागतात ते बघायचं नाही, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघायचं, त्यातून कमिशन आणि पाठवणीचा खर्च वजा. विम्यासाठीचा आकडा वेगळा, चढा. कागदावर दोन्ही लिहितात. एक जपानी पितळी इंजिन होतं, ते ‘माझ्या अभ्यासातलं नाही’ म्हणून परत केलं आणि त्याची फी घेतली नाही.

आता एक तारा का कापला. आठ दिवस म्हणाले, तीन आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. अहवाल रेघी कागदावर, शिक्का नाही, फोटो नाहीत, अक्षर डॉक्टरचं. आमच्या ऑडिटरांनी नाक मुरडलं. शेवटी मी स्वतः टाइप करून परत तीन जिने चढले, तेव्हा सही मिळाली.

निघताना त्यांनी विचारलं, “खोके कुठायत?” मूळ खोक्याने किंमत कुठच्या कुठे जाते, डब्लोच्या खोक्यावर छपाईचा महिना आणि साल बारीक अक्षरात असतं. मी गप्प. फाटके पुठ्ठे म्हणून ट्रंक आली त्याच दिवशी रद्दीत दिले होते, किलोमागे बारा रुपयांनी. रद्दीवाल्याकडे धावले, माल गेलेला. पारशी कॉलनीतल्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, पलंगाखाली निळा एक आहे बहुतेक, त्यात बटणं ठेवलीयत. गुरुवारी आणायला जातेय.