नव्या घराची वीजजोडणी: वरून वायर की जमिनीतून केबल?

कोल्हापुरात घर बांधून झालं, की महावितरणच्या खांबापासून मीटरपर्यंत वीज आणायची कशी, हा प्रश्न येतोच. वरून वायर ओढणं स्वस्त, काम अर्ध्या दिवसाचं, आणि बिघाड झाला तर खालूनच दिसतो. पण वळवाच्या वाऱ्यात नारळाची झावळी पडली, की अख्खी रात्र अंधारात. वायर भिंतीत शिरते तिथे खाली लोंबता वळसा ठेवायला सांगा. नाहीतर पावसाचं पाणी वायरवरून ओघळत थेट मीटरपेटीत उतरतं.

जमिनीतल्या केबलला वाऱ्याची भीती नाही, पतंगाच्या मांज्याचीही नाही. खर्च मात्र बराच जास्त. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते. आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबलच घ्या, खाली-वर वाळू, वर विटांचा थर, आणि मध्ये जोड शक्यतो नकोच. जोडात पाणी शिरलं तर दोष शोधायला यंत्र आणावं लागतं.

पेठेतल्या अरुंद बोळात मी वरूनच घेईन. नवी कॉलनी, रस्ता अजून कच्चा असेल, तर डांबर पडण्याआधी केबल टाकून मोकळं व्हावं. पंचगंगेकाठी मात्र काहीही निवडा, मीटर २०१९ आणि २०२१ च्या पूररेषेच्या वरच बसवा.