हेलसिंकी–टालिन बोगदा: सरकारी आराखडा की उद्योजकाचा?

हेलसिंकी आणि टालिन या दोन राजधान्यांच्या मध्ये फिनलंडच्या आखाताचं साधारण ८० किलोमीटर पाणी आहे. फेरी बोटीने दोन तास लागतात. फिनलंडचे लोक स्वस्त दारू आणि सुट्टीसाठी पलीकडे जातात, तर एस्टोनियाचे अनेक कामगार आठवडाभर हेलसिंकीत राबून शनिवार-रविवार घरी काढतात. कोविडच्या आधी या मार्गावर वर्षाला सुमारे ९० लाख प्रवासी होते. एवढी ये-जा असली की बोगद्याची कल्पना कुणाला तरी सुचणारच. इथे ती दोघांना सुचली आणि दोघांनी दोन वेगळे आराखडे मांडले. तुम्ही या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मत बनवत असाल, तर आधी कोणत्या बोगद्याबद्दल बोलतोय ते ठरवावं लागेल.

पहिला आराखडा फिनएस्ट लिंकचा. दोन्हीकडच्या सार्वजनिक संस्थांनी मिळून केलेला हा व्यवहार्यता अभ्यास २०१८ च्या फेब्रुवारीत आला. दुसरा पेटर व्हेस्टरबाका यांचा. 'अँग्री बर्ड्स' हा खेळ जगभर पोहोचवणाऱ्या कंपनीत ते मार्केटिंगची धुरा सांभाळत होते, आणि बोगद्याचं मार्केटिंगही त्यांनी त्याच जोशात केलं.

खडकाच्या बाबतीत दोघांची अडचण एकच, म्हणून ती आधी उरकू. आखात खोल आणि रुंद असल्यामुळे तळावर काँक्रीटच्या पेट्या बुडवून जोडायची पद्धत इथे चालणार नाही, खडक कोरूनच जावं लागेल. फिनलंडच्या बाजूला ग्रॅनाइट आणि नाइस (gneiss) हे जुने, कठीण खडक आहेत. यंत्रांचे दात झिजतील, पण असा खडक सहसा दगा देत नाही. एस्टोनियाच्या बाजूला मात्र त्याच खडकावर चिकणमाती आणि पाणी धरणाऱ्या वालुकाश्माचे थर आहेत, आणि बोगद्याला कठीण खडकातून वर येताना या थरांमधून जावं लागतं. खरी भीती तिथे आहे. जपानच्या सेइकान बोगद्यात चार वेळा मोठं पाणी शिरलं आणि बांधकामात ३४ कामगार गेले. त्या बोगद्याची लांबी ५३.८५ किलोमीटर, त्यातली समुद्राखालची २३.३. फिनएस्ट लिंकच्या अभ्यासातला बोगदा सुमारे १०३ किलोमीटरचा आहे.

आता फरक. फिनएस्ट लिंकच्या आराखड्यात रेल्वेचे दोन आणि सेवेचा एक असे तीन समांतर बोगदे आहेत. गाडी अर्ध्या तासात पोहोचेल; थांबे हेलसिंकीत मध्यवर्ती स्थानक, पासिला आणि विमानतळ, टालिनकडे युलेमिस्ते. प्रवासी गाड्यांबरोबर मालगाड्या आणि ट्रक-मोटारी चढवून नेणाऱ्या शटल गाड्याही धरल्या आहेत. व्हेस्टरबाकांनी हेलसिंकीचं मध्यवर्ती स्थानक वगळलं. त्यांची गाडी विमानतळावरून एस्पो शहरातल्या ओटानिएमीला आणि तिथून थेट समुद्राखाली जाते, मध्ये खोदलेल्या दगडातून उभारलेलं एक वस्तीचं बेट लागतं. प्रवास वीस मिनिटांचा.

बेट ऐकायला हौसेचं वाटतं, पण सरकारी आराखड्यातही कृत्रिम बेटं आहेतच, आणि त्यांना कारण आहे. एवढा लांब बोगदा फक्त दोन टोकांकडून कोरत बसलात तर वर्षं संपत नाहीत. मध्ये बेट असलं की तिथून आणखी यंत्रं उतरवता येतात, हवा खेळवता येते आणि संकटात माणसं वर आणता येतात. इंग्लिश खाडीखालच्या चॅनल बोगद्यात १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रक वाहणाऱ्या गाडीला आग लागली, तेव्हा सगळे बचावले ते शेजारच्या सेवा-बोगद्यामुळे. व्हेस्टरबाकांचं वेगळेपण एवढंच की त्यांना त्या बेटावर घरं विकायची होती. बेटाचा खर्च वसूल करायची ही युक्ती मला वाईट वाटत नाही. पण बोगद्याच्या हिशोबात जमिनीचा धंदा मिसळला की तोटा नक्की कुठे झाला ते शोधणं अवघड जातं.

वेळापत्रकात तर जमीन-अस्मानाचा फरक. फिनएस्ट लिंकने २०४० धरलं. व्हेस्टरबाकांनी २४ डिसेंबर २०२४ ही तारीख जाहीर केली होती. तो नाताळ कधीच होऊन गेला, बोगदा नाही. चॅनल बोगद्याशी ताडून पाहा: अकरा यंत्रं, कोरायला सोयीचा मऊ खडू, आणि तरीही खोदाईच्या सुरुवातीपासून उद्घाटनापर्यंत सहा वर्षं, १९९४ उजाडलं. तो बोगदा ५०.४५ किलोमीटरचा. दुप्पट लांबीचं काम ग्रॅनाइटमध्ये त्याहून लवकर करायचं म्हणणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही मग जरा सावधपणे बघावं लागतं.

आणि निर्णय खरा पैशांवरच ठरतो. फिनएस्ट लिंकचा अंदाज १३ ते २० अब्ज युरो. एवढी मोठी दरी पाहून काही जण हसले, मला तो आकडा प्रामाणिक वाटतो. यातला ४० टक्के भाग सार्वजनिक अनुदानातून येईल असं गृहीत धरलं होतं आणि एकेरी तिकीट १८ युरो. व्हेस्टरबाकांचा आकडा १५ अब्ज, तिकीट ५० युरो, आणि करदात्याचा पैसा नको. २०१९ मध्ये टचस्टोन कॅपिटल पार्टनर्स या संस्थेकडून चिनी भांडवल आणण्याचं प्राथमिक स्वरूपाचं पत्रही झालं, एक तृतीयांश भागभांडवल आणि उरलेलं कर्ज.

करदात्याला खर्च नाही, हे वाक्य कुणालाही आवडेल. म्हणूनच चॅनल बोगद्याची गोष्ट माहीत असायला हवी. तोही खासगी पैशातून झाला, खर्च अंदाजापेक्षा ८० टक्के वाढला आणि प्रवासी आले नाहीत. युरोस्टार गाड्यांना सुरुवातीलाच वर्षाला १ कोटी ५९ लाख प्रवासी मिळतील असं भाकीत होतं, १९९५ मध्ये मिळाले २९ लाख. २००६ मध्ये बोगद्याच्या कंपनीला देणेकऱ्यांपासून न्यायालयाकडे संरक्षण मागावं लागलं आणि पोळले ते छोटे भागधारक. बोगदा मात्र उत्तम चालतो. समुद्राखालच्या बोगद्यांचं हे नेहमीचं आहे: बांधणारा बुडतो, वापरणारा खूश. मग दर वेळी विचारायचा प्रश्न असा की अंदाज चुकला तर बुडणार कोण? फिनएस्ट लिंकमध्ये ते उघडपणे लिहिलेलं आहे, दोन सरकारं आणि युरोपीय संघ. खासगी आराखड्यात कागदावर गुंतवणूकदार बुडतो. पण अर्धवट खोदलेला बोगदा आखाताखाली सोडून देणं कुठल्याही सरकारला परवडणार नाही, म्हणजे शेवटी बिल तिथेच येतं, फक्त आधी न सांगता.

शिवाय पैसा कुणाचा, हाही मुद्दा आहे. एस्टोनिया सरकारने २०२० मध्ये व्हेस्टरबाकांच्या प्रकल्पासाठी विशेष नियोजन सुरू करायला नकार दिला, कारणं पर्यावरणाची, आर्थिक आणि सुरक्षेची. त्यानंतर २०२३ मध्ये याच आखातातली बाल्टिककनेक्टर गॅसवाहिनी एका जहाजाच्या नांगराने फाटली. खडकात खोल कोरलेल्या बोगद्याला नांगराची भीती नाही, पण तो चालवणाऱ्या कंपनीची मालकी कुणाकडे, हे आता दोन्ही देश आणखी बारकाईने बघतील.

माझा कौल सरकारी आराखड्याला आहे, पण त्याच्या अनुदानाच्या गृहीतकाला नाही. त्यापेक्षा कोपनहेगन आणि माल्मोला जोडणाऱ्या ओरेसुंद दुव्याची रीत घ्यावी. तिथे दोन सरकारांच्या मालकीची कंपनी आहे, तिने सरकारी हमीवर कर्ज काढलं आणि ते वापरणाऱ्यांच्या पैशातून फिटतं. हमी असल्यामुळे व्याज कमी, आणि कुणी कुणाला फसवत नाही. अर्थात तो दुवा पूल आणि छोट्या बोगद्याचा, सोळा किलोमीटरच्या आसपास. शिवाय त्यावर मोटारी धावतात, टोलची कमाई मोठी. इथे ती शटलवरच भागवावी लागेल.

काहीच न बांधण्याचा पर्याय पुष्कळ जण विसरतात. बोटी आहेत, त्या चालतात आणि दोन तासांत जेवणही होतं. फिनएस्ट लिंकच्याच अंदाजात बोगदा झाल्यावरही २०५० साली वर्षाला सुमारे एक कोटी लोक बोटीनेच जाताना दिसतात.

घाई न करण्याचं सगळ्यात ठोस कारण टालिनच्या दक्षिणेला आहे. बोगद्यात १४३५ मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेले) रूळ धरले आहेत, फिनलंडचे रूळ १५२४ चे. म्हणजे फिनलंडच्या टोकाला माल उतरवून चढवावा लागणारच. हा उपद्व्याप सार्थकी लागायचा तर टालिनहून पोलंडकडे जाणारी, त्याच १४३५ च्या गेजची रेल बाल्टिका आधी धावायला हवी. तिचा खर्च २०१७ च्या ५.८ अब्ज युरोंवरून २०२४ च्या अंदाजात जवळपास २४ अब्जांवर गेलाय. ती टालिनला पोहोचेपर्यंत मालवाहतुकीचे आकडे बाजूला ठेवा आणि आत्ता पैसे घालायचेच असतील तर टालिनसमोरच्या समुद्रात, जिथे ग्रॅनाइटवर वालुकाश्म येतो तिथे, भोकं पाडून खडक तपासण्यात घाला. ती माहिती दोन्ही आराखड्यांना लागणार आहे.