अज्ञेयवादी मित्राशी बोलायचं, तर सुरुवात कुठून करावी?

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने मला गाठलं. त्याचा हॉस्टेलमधला जोडीदार म्हणतो, "देव असेलही, नसेलही, कळायला मार्ग नाही." त्याच्याशी बोलायचं तर आधी काय तयारी करू? तर्काची पुस्तकं वाचू, पुनरुत्थानाचे, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याचे पुरावे पाहू, की सरळ स्वतःची साक्ष देऊ, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगू? या तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो. पाळकसाहेबांना विचारलं तर ते कदाचित वेगळं सांगतील.

माझा अनुभव मुख्यतः एकाच माणसावरचा आहे, हे आधीच कबूल करतो. शाळेपासूनचा मित्र, जिल्हा न्यायालयात स्टेनो होता, आता निवृत्त. घर बौद्ध, दसऱ्याला दीक्षाभूमीवर न चुकता जाणारं. देवाचा विषय निघाला की त्याचं ठरलेलं उत्तर, "मले माहीत नाही, अन् तुलेही माहीत नाही."

सुरुवात मी तर्कानेच केली. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वालाही कारण आहे. मांडणी ऐकायला भारी वाटते आणि बोलणाऱ्यालाही आपण हुशार असल्यासारखं वाटतं. शिकलेल्या, विज्ञानाची आवड असलेल्या पोरांशी गप्पा सुरू करायला ही वाट वाईट नाही. पण ती पोचते कुठे ते पाहा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने याच धर्तीचे युक्तिवाद मांडले. त्याच्याआधी गझालीने इस्लामच्या बाजूने मांडले होते, आणि आपल्याकडे न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करताना हेच म्हटलं, की जग हे कार्य आहे, म्हणजे त्याला कर्ता हवा. हे सगळं मित्राला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मी सदरच्या चर्चमध्येच काऊन येऊ? मोमिनपुऱ्यातली मशीद काय वाईट आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर त्याने बाण लागलेल्या माणसाची गोष्ट ऐकवली. बाण कोणी मारला, तो कोणत्या लाकडाचा होता, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस मरून जाईल. जग अनादी आहे की नाही, हा प्रश्न बुद्धाने बाजूला ठेवला होता. ज्याच्या घरी तो प्रश्नच बिनकामाचा मानतात, त्याला आपण त्याचं उत्तर विकायला निघालो होतो. नागपुरात हे ध्यानात ठेवावंच लागतं. इथला न मानणारा माणूस लंडनच्या न मानणाऱ्यासारखा नसतो.

पास्कलच्या पैजेत फार वेळ घालवू नका. देव मानून काही गमावत नाही, न मानून सगळं गमावशील, असं ऐकवलं की समोरचा म्हणतो, मग सगळ्याच देवांवर थोडे थोडे लावतो. "तू तर्क करतोस तोच मुळी देवाला गृहीत धरून" ही ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ व्हॅन टिल यांची मांडणी खोल असेलही, पण पोह्यांच्या प्लेटवर ती मित्राला डिवचल्यासारखी वाटते. मी ती एकदाच वापरली.

आता साक्ष. आमच्यात हीच सगळ्यांची आवडती, आणि ती का आवडते हे मलाही कळतं. तिच्यात पांडित्य लागत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध म्हणतो तेवढं पुरतं, मी आंधळा होतो, आता मला दिसतं. माझी बायको नेहमी साक्षीनेच बोलते आणि तिचं ऐकून माणसं खरोखर चर्चमध्ये येतात. माझं ऐकून फारसं कोणी आलेलं नाही. ज्याच्या घरात आजारपण आहे, ज्याला रात्री झोप येत नाही, त्याच्यापुढे सनावळ्या काढणं मूर्खपणा आहे. तिथे साक्षही नको, नुसतं जाऊन बसावं.

पण माझं घोडं अडलं ते इथेच. एका सकाळी तर्री पोहे खाता खाता मी मित्राला माझी सगळी कहाणी सांगितली. दारू कशी सुटली, कोणत्या रात्री प्रार्थना केली, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं, "बरं झालं रे" म्हणाला आणि चहा मागवला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्याने देवाचा विषय काढला नाही. मी काढला की क्रिकेटवर जायचा. मला वाटलं, आत काहीतरी काम चाललंय. शेवटी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या साक्षीत उलटतपासणीला जागाच नाही बे. मी 'पटलं नाही' म्हटलं तर तुले खोटारडा म्हटल्यासारखं होते. अन् शेजारच्या काकूंचा ताप ताजबागच्या दर्ग्याला नवस बोलल्यावर उतरला, त्याचं काय करू?"

हे मला फार लागलं. चर्चमध्ये आम्ही 'साक्ष' म्हणतो आणि न्यायालयातही साक्षच म्हणतात, पण त्याने नोकरीची सगळी वर्षं ज्या साक्षी टिपून घेतल्या त्यांतल्या प्रत्येकीनंतर समोरचा वकील उभा राहायचा. माझ्या साक्षीनंतर कोणी उभंच राहू शकत नव्हतं. मी त्याचं तोंड बंद केलं होतं आणि त्यालाच परिणाम समजत होतो.

म्हणून तिसरी वाट, इतिहासाची. इथे दावा असा आहे की त्याची तपासणी करता येते. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्वच्छ लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. स्वतःचा दावा असा उघड्यावर ठेवणारा माणूस मित्राला आवडला. त्याच अध्यायात पाचशेहून अधिक जणांना येशू दिसल्याचं लिहून पौल म्हणतो, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. पत्र साधारण इसवी सन 55 च्या सुमाराचं, म्हणजे घटनेनंतर सुमारे 25 वर्षांनी. मित्र म्हणाला, "पंचवीस वर्षं म्हणजे आमच्याकडे दिवाणी दावा अजून चालूच असते."

मग त्याने वकिलासारखं झोडपायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, मला मजा आली. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत त्याच्या कबरेपाशी गेलेल्या बायकांची यादी वेगळी का? देवदूत एक की दोन? मी अडखळलो, तर तोच म्हणाला, चौघांची साक्ष शब्दशः जुळली असती तर ते साक्षीदार पढवलेले म्हटले असते. मी पुढे म्हटलं, त्या काळी यहुद्यांत बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, लूक तर लिहितो की प्रेषितांनाच त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. मग रचायचीच होती तर कोणी अशी गोष्ट रचली असती का? हा मुद्दा त्याने वहीत लिहून घेतला. पण त्याखाली हेही लिहिलं, की साक्षीदार सगळे एकाच पक्षाचे, बराचसा पुरावा ऐकीव, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस रोमन सुभेदार पिलाताच्या हातून येशूला झालेल्या शिक्षेपुरताच कामाचा, पुनरुत्थानाला नाही. मेलेला माणूस उठला हे मानायला एवढं पुरत नाही, असं त्याचं मत आहे. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ही वाट घेणाराने हे आधीच समजून घ्यावं, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडेल. वाचनही बरंच लागतं.

पौलाचंच पाहा. अथेनै म्हणजे अथेन्स शहरात त्याला 'अज्ञात देवाला' असं कोरलेली वेदी दिसली. मूळ ग्रीकमधला तिथला शब्द आणि इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलेने 1869 मध्ये घडवलेला 'ॲग्नॉस्टिक' म्हणजे अज्ञेयवादी हा शब्द एकाच घरातले. पौल बोलला ते सृष्टीकर्त्यापासून, आणि थांबला येऊन पुनरुत्थानावर. दिमिष्काच्या वाटेवर येशूने दर्शन दिल्याचा स्वतःचा अनुभव त्याने यरुशलेमेत सांगितला, अग्रिप्पा राजापुढे सांगितला. अथेनैत सांगितल्याची नोंद नाही. यातून नियम काढायला मी धजणार नाही, पण मला त्याने धीर आला. काहींनी त्याची थट्टा केली, काही म्हणाले, याविषयी तुझं पुन्हा ऐकू.

एक मात्र सांगतो, पुरावे देताना मूळ कागद हातात द्या. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका गोऱ्या माणसाने कवी ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार दिला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी गुंतले. बाप्तिस्मा घेतला तो 1895 मध्ये. मधल्या काळात कोणी त्यांना घाई केली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

मी मित्राला मार्कचं शुभवर्तमान दिलं, सगळ्यांत आटोपशीर म्हणून. तीन आठवड्यांनी परत आलं, समासात पेन्सिलीने खुणाच खुणा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर एकदम थांबतो, बायका भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, हे मी त्याला आधी सांगितलं होतं. तिथे त्याने रेघ मारली होती आणि पुढे लिहिलं होतं, "पुढची तारीख?"

त्या मुलाला आता मी हेच पुस्तक देणार होतो, पण मित्राने ते पुन्हा मागून नेलं आहे.