‘फ्री गाईडेड झू टूर’ दाखवून क्लबची मेंबरशिप विकतायत, कार्ड बाहेर काढायच्या आधी हे वाचा

घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी खास लिहितेय. हॉलिडे क्लबवाले (आधी मोठी रक्कम घेऊन दरवर्षी फिरायला हॉटेल देतो म्हणणारे) पूर्वी गोवा-महाबळेश्वरच्या हॉटेलांचे फोटो दाखवायचे, आता लोक त्याला भुलत नाहीत म्हटल्यावर मुलांना पुढे केलंय. मेंबर झालात की वर्षातून चार गाईडेड झू टूर फ्री, सोबत ‘नॅचरलिस्ट’ म्हणजे प्राण्यांची माहिती सांगणारा जाणकार, बॅकस्टेज एन्ट्री, मुलांनी स्वतःच्या हाताने प्राण्यांना खाऊ घालायचा, वर मुलाच्या नावाचं सर्टिफिकेट. यादीत भायखळ्याची राणीची बाग, पुण्याचं कात्रज, मैसूर, हैदराबाद, भुवनेश्वरचं नंदनकानन सगळं. आमचे पासष्ट हजार गेले त्यात. कंपनीचं नाव इथे टाकत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे, आणि तसंही ह्यांची नावं दर सीझनला बदलतात, पद्धत बदलत नाही.

पद्धत अशी की मॉलमध्ये एक पोरगं कुपन भरायला लावतं, चार दिवसांनी फोन, ‘मॅडम लकी ड्रॉमध्ये नाव लागलंय, गिफ्ट घ्यायला मिस्टरांना घेऊनच या’. नवराबायको दोघं हवेतच, हे लक्षात ठेवा, म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोयच ठेवत नाहीत. हॉटेलचा हॉल, मोठ्याने गाणी, पाच पाच मिनिटांनी कुणीतरी ‘मेंबर’ झालं म्हणून टाळ्या (ते टाळ्यांवाले मेंबर खरे किती आणि त्यांचेच किती ह्याची मला आजही शंका आहे). समोर बसलेल्या मुलाने आधी एक लाख चाळीस हजार सांगितले, मग मॅनेजर आला, मग त्याच्या वरचा साहेब आला आणि ‘फक्त आज’ म्हणून पाच वर्षांचे पासष्ट हजार. माझी मुलगी सहावीत, प्राण्यांची प्रचंड वेडी, आणि त्या माणसाने आमच्याशी बोलणं सोडून तिच्याशीच बोलायला सुरुवात केली, तुला वाघाचा पिंजरा मागच्या बाजूने बघायचाय का, जिराफाला पाला द्यायचाय का. आता सांगा, पोरगी आईबापाकडे कशी बघेल. कार्ड स्वाईप झालं, त्याचा ईएमआय करून दिला, आणि ॲग्रीमेंटच्या वीस-बावीस पानांवर जिथे जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे सह्या घेतल्या, वाचायला म्हणून मागितलं तर ‘घरी कॉपी येईल ना सर’.

कॉपी आली महिन्याभराने. त्यात झू टूरचा उल्लेख अडीच ओळींचा. ‘उपलब्धतेनुसार’, ‘प्रवेश तिकीट, प्रवास आणि जेवण सभासदाचे’, ‘सेवा पार्टनरमार्फत, कंपनी जबाबदार राहणार नाही’. आणि शेवटून तिसऱ्या पानावर ते खरं वाक्य, की विक्रीच्या वेळी तोंडी सांगितलेलं काहीही ह्या करारात धरलं जाणार नाही. म्हणजे त्या हॉलमध्ये दोन अडीच तास जे काही बोलले ते सगळं एका ओळीत खोडून टाकलं. बॅकस्टेज नाही, खाऊ नाही, सर्टिफिकेट नाही, वरून दरवर्षी एएमसी म्हणजे मेंटेनन्सची फी सात हजार, जी हॉलमध्ये कुणी तोंडातून काढली नव्हती.

टूर मागितली तर आधी ‘वीकेंड ब्लॅकआऊट’ म्हणजे शनिवार-रविवार मिळणार नाही, मग ‘सुट्टीचा सीझन’, मग नॅचरलिस्ट आजारी. खूप पाठी लागल्यावर एकदाची राणीच्या बागेची टूर कन्फर्म झाल्याचा मेसेज आला, सकाळी साडेदहा, वार बुधवार. डोंबिवलीत निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही की राणीची बाग बुधवारी बंद असते. कात्रजचं पण बुधवारी बंद, मैसूरचं मंगळवारी, हैदराबाद आणि नंदनकानन सोमवारी. ही काय त्यांची लहर नाही, प्राणिसंग्रहालयांच्या २००९ च्या केंद्राच्या नियमांतच आहे की आठवड्यातून एक दिवस झू लोकांसाठी बंद ठेवायचं. जी कंपनी झूच्या टूर विकते तिला हे माहीत नसेल? मी फोन करून म्हटलं अहो बंद असतं, तर पलीकडची मुलगी म्हणाली मॅडम आमच्याकडून स्लॉट दिला गेलाय, तुम्ही नाकारला म्हणून ह्या वर्षातली एक टूर युज्ड दाखवते. युज्ड! बंद गेटवर जाऊन उभं राहिलो असतो तरी युज्डच.

मग भांडून भांडून एक रविवार मिळवला. भायखळा स्टेशनवर उतरून चालत गेलो, गेटवर गळ्यात आयकार्ड अडकवलेला कॉलेजातला वाटावा असा मुलगा, तो नॅचरलिस्ट. पहिलं वाक्य, ‘तिकीट तुम्ही काढून घ्या’. २०१७ ला तिकीट वाढवलं तेव्हापासून आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये, आम्ही तिघं गेलो तरी खर्च तेवढाच. म्हणजे जी गोष्ट कुणालाही शंभर रुपयात मिळते तिला पासष्ट हजारांची मेंबरशिप. सिक्युरिटीवाल्याला मी मुद्दाम विचारलं की क्लबच्या मेंबरना वेगळी एन्ट्री आहे का, तो हसून म्हणाला मॅडम इथे सगळ्यांना एकच लाईन. बॅकस्टेजचा विषय काढला तर तो पोरगा म्हणतो आज स्टाफ कमी आहे.

त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही, त्याला दिवसाचे काही पैसे देऊन उभा केलेला. पण त्याने पेंग्विनच्या काचेसमोर सांगितलं की हे अंटार्क्टिकावरून आणलेत, तर माझी मुलगी म्हणाली दादा हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर असतात. आणि आणलेत ते सेऊलहून, २०१६ च्या जुलैमध्ये आठ आले होते, तेव्हा पेपरात रोज बातम्या होत्या. पुढे प्रत्येक पिंजऱ्याशी पाटीवरचं वाचून दाखवायचा आणि मोबाईल बघायचा. एवढी जुनी बाग, १८६०च्या दशकातली, गोरखचिंचेचं झाड आहे, राजा एडवर्डचा घोड्यावरचा तो ‘काळा घोडा’ पुतळा फोर्टातून आणून इथेच ठेवलाय, शेजारी भाऊ दाजी लाड म्युझियमपाशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ह्यातलं एक अक्षर नाही. तासाभरात टूर संपली, फीडबॅकवर पाच स्टार द्या म्हणाला.

प्राण्यांना खाऊ घालायचं म्हणाल तर तो तर सरळ सरळ बेकायदा प्रकार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात कलम ३८ जे, झूमधल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं ह्याला बंदी आहे. म्हणजे ब्रोशरच्या पहिल्या पानावर मुलगी जिराफाला पाला भरवतेय असा जो फोटो आहे (कुठल्यातरी परदेशातल्या झूचा उचललेला असणार) ते भारतात विकायचंच नाही. परदेशात झू स्वतःची मेंबरशिप विकतात, वर्षभर एन्ट्री, मेंबरना वेगळे टूर वगैरे, ते खरं असतं, लंडनला माझी मावसबहीण घेते. तेच चित्र इथे तिसऱ्याच माणसाने विकायला काढलंय. आपल्याकडचे हे मोठे झू सरकारचे नाहीतर महापालिकेचे. राणीची बाग मुंबई महापालिकेची, कात्रज पुणे महापालिकेचं. तिथला प्राणी दत्तक घ्यायची योजना असो की शाळेची सहल, पैसे त्यांच्या ऑफिसात किंवा त्यांच्या साईटवर भरायचे आणि पावती त्यांची घ्यायची. कुणी म्हणालं आमचा झूशी टायअप आहे तर त्याला तिथेच सांगा, झूच्या लेटरहेडवरचं पत्र दाखव. आणि कसलं ‘प्रायव्हेट झू’ दाखवत असतील तर सेंट्रल झू ऑथॉरिटीच्या साईटवर मान्यता असलेल्या झूची यादी असते, त्यात नाव नसेल तर ते झूच नाही, मान्यतेशिवाय झू चालवताच येत नाही.

आमच्यासारखे आधीच अडकला असाल तर सगळ्यात आधी लेखी काहीतरी हातात घ्या. फोनवर रडून काही होत नाही, मी ते करून बघितलंय. प्रत्येक मागणी ईमेलने करायची, उत्तर फोनवर आलं की लगेच ‘आपलं आत्ता असं बोलणं झालं’ म्हणून परत ईमेल टाकायचा. आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्या बुधवारच्या मेसेजचा, कारण त्यावर त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. १९१५ ह्या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथे तक्रार टाकल्यावर कंपनी पहिल्यांदा नीट बोलायला लागली, पंधरा हजार परत देतो आणि विषय संपवा म्हणाली. आम्ही नाही म्हटलं. मग जिल्हा ग्राहक आयोग. ह्याबद्दल लोकांच्या डोक्यात खूप भीती असते म्हणून सांगते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाईन करता येते, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. करारात ‘वाद झाल्यास दिल्लीचं न्यायक्षेत्र’ असं छापलेलं बघून आमचा नवरा आधी हात टेकून बसला होता, त्या ओळीला घाबरू नका. दोन वर्षांची मुदत मात्र आहे, टोलवाटोलवीत ती घालवू नका, ‘पुढच्या सीझनला नक्की’ हे त्यासाठीच चाललेलं असतं. ईएमआयचे हप्ते रागाने बंद करू नका, ते बँकेचं कर्ज आहे, सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याची पत) तुमचा खराब होतो, कंपनीचं नाही.

अजून एक, आणि हे नवीन आहे. केस टाकल्यावर थोड्या दिवसांत एका माणसाचा फोन आला, स्वतःला रिकव्हरी एजन्सीचा म्हणवणारा, त्याला माझा मेंबरशिप नंबर, भरलेली रक्कम, मुलीचं नावसुद्धा माहीत होतं. तुमचे पूर्ण पैसे मंजूर झालेत, फक्त जीएसटीचे अकरा हजार सातशे आधी भरा, ते पण परत मिळतील. ही माहिती बाहेर गेली कुठून ते तुम्हीच समजा. नणंदेला पुण्यात असाच फोन आला, तिला तर ‘मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणाले. असा फोन आला आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवा, त्यात जेवढा वेळ जाईल तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आमच्याकडे तो माणूस अजून अधूनमधून फोन करतो, आता नऊ हजारावर आलाय.