शिवलेली पट्टी की गाठींचा दोर? दांडग्या, रिअ‍ॅक्टिव्ह कुत्र्यासाठी घरी केलेली लीश

घरी लीश करायची ठरवलीत तर शेवटी दोनच वाटा उरतात. नायलॉनची पट्टी आणून बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घ्यायची, नाहीतर गिर्यारोहणातून बाद झालेला दोर मिळवून त्याला गाठी मारायच्या. चामड्याची लीश मोची सुरेख करून देतो, हातात धरायला तिच्याइतकं सुख कशात नाही, पण पुण्याच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि वाळली की ती कडक होते. कोरड्या गावात राहत असाल तर तिचा विचार जरूर करा. मी इथे तिला बाजूला ठेवतो.

दोन्ही प्रकार मी करून बघितले आणि दोन्ही आजही दाराजवळच्या खुंटीला आहेत. कुत्रा म्हणजे आमचा बंड्या: जर्मन शेफर्ड आणि गावठी यांचं मिश्रण, ३६ किलो, माणसांशी अगदी गरीब आणि दुसरा कुत्रा दिसला की मागच्या दोन पायांवर. असा, दुसरं कुत्रं दिसताच भडकणारा कुत्रा म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. ट्रेनिंग चालू आहे. हार्नेसची (छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्याची) पुढची-मागची रिंग, दुसऱ्या कुत्र्यापासून अंतर राखणं, नजर वळवल्यावर खाऊ, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. एवढंच सांगतो, की घरी करायची ती लीश. हार्नेस शिवायच्या भानगडीत पडू नका. काखेत कुठे घासेल, खांदा कुठे अडेल, कुत्रा मागे सरकून कुठून निसटेल, हे मापं घेऊन कळत नाही.

लोक पहिला प्रश्न ताकदीचा विचारतात आणि माझ्या मते तिथे नको तेवढा वेळ जातो. चांगली एक इंची नायलॉन पट्टी काय किंवा १० मिलिमीटरचा चढाईचा दोर काय, एवढा कुत्रा कितीही उसळला तरी मधेच तुटणार नाही. गाठीमुळे दोराची ताकद पाव हिश्श्याच्या आसपास कमी होते, तरी उरते ती माणूस टांगण्याइतकी. तुटतं ते टोकाला: पट्टीची शिलाई किंवा दोन्हींचा हुक. सोनेरी मुलाम्याचे स्वस्त हुक बहुधा ओतीव जस्ताचे असतात. ते वाकून इशारा देत नाहीत, एके दिवशी सरळ तुटतात. भरीव पितळेचा किंवा स्टेनलेसचा बोल्ट स्नॅप, म्हणजे खिटी मागे ओढून उघडतो तो हुक, घ्या. नाहीतर स्क्रूचा कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहकांची स्क्रूने बंद होणारी कडी. त्याच्या अंगावर २२ केएनच्या (किलोन्यूटनच्या) आसपासचा शिक्का असतो, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टन. कुत्र्याला याची काही गरज नाही, पण स्क्रू लावलेला कॅराबिनर झुडपात घासून उघडत नाही, हा फायदा खरा. फक्त तो हार्नेसच्या रिंगवर खणखणतो आणि तो आवाज आला की आमच्याकडे दारातच नाच सुरू होतो.

पट्टीचं पहिलं सांगतो, कारण बहुतेकांना तीच सोपी पडेल. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास ती मीटरवर मिळते. दुकानात सगळ्याच पट्ट्यांना नायलॉन म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. वीतभर तुकडा घरी आणा, साबणाच्या पाण्यात चुरगाळून आतली हवा काढा आणि बादलीत सोडा. नायलॉन आणि पॉलिस्टर तळाला जातात, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. तरंगणारी पट्टी घेऊ नका. ती गुळगुळीत असते, उन्हाने ठिसूळ होते आणि ऐन उसळीत मुठीतून सटकते. कुत्रा मोठा म्हणून दीड इंची घ्यायचा मोह होतो, तोही आवरा. तेवढ्या रुंदीवर मूठ पुरती मिटत नाही. एक इंच भरपूर झालं. बायकोच्या हाताला पाऊण इंची जास्त बरी वाटते.

शिलाई म्हणजे चौकोन आणि त्यात फुली. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा, सुती नको, तो ओलीने कुजतो. घरच्या मशीनला १८ नंबरची सुई लावून, चाक हाताने फिरवत दोन पदर शिवता येतात; तिसऱ्या पदराला मशीन रडतं. बॅगवाला तेच काम चहा येईपर्यंत करून देतो. फक्त समोर उभे राहा, कारण सवयीने तो एकच सरळ ओळ मारून हातात ठेवतो. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवायचं आणि गार व्हायच्या आत जुन्या चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करायचं. ते राहिलं तर तिथे काळा, टोकदार खडा तयार होतो आणि तो नेमका तळहाताखाली येतो.

दोराला ओळख लागते. पुण्यात, ठाण्यात, नाशकात सह्याद्रीत चढाई करणारे गट कमी नाहीत. न वापरलेला दोरही साधारण दहा वर्षांनी बाद करा असं बनवणारे सांगतात, वापरातला त्याच्या बराच आधी बाद होतो. मग त्याचे तुकडे कुणाच्या तरी माळ्यावर पडून असतात. मागितले तर मिळतात. घेताना बोटांतून सगळा दोर फिरवा. जिथे आवरण फुगलंय किंवा आत पोकळ, चपटं लागतंय तो भाग कापून टाका. धबधब्यांवर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, वापरतात तो फारसा न ताणला जाणारा स्टॅटिक दोर जुना झाला की काठीसारखा ताठ होतो, गाठ धड बसत नाही. चढाईचा डायनॅमिक दोर मऊ राहतो. तो ताणला जातो म्हणून काहीजण बिचकतात. युरोपीय मानकानुसार एकेरी (एकटाच वापरायचा) दोर ८० किलो टांगल्यावर जास्तीत जास्त १० टक्के ताणला जावा. म्हणजे दोन मीटरच्या लीशवर बंड्या ओढतो तेव्हा फरक काही बोटांचा. उलट झटका खांद्याला थोडा सौम्य बसतो असं मला वाटतं. मोजलेलं नाही, खांद्याचं म्हणणं सांगतोय.

करायला दोर त्यामानाने सोपा. हुकाकडे फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, मारून टोक हुकातून घेऊन त्याच गाठीतून परत ओवायचं, दुसऱ्या टोकाला त्याच गाठीचा हात जाईल एवढा लूप, दोन्हीकडे चार-पाच बोटं शेपूट ठेवून ती मोच्याकडच्या मेणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायची. मशीन नको, बॅगवाला नको. पहिले काही दिवस गाठी आवळत जातात तेव्हा रोज बघायच्या, नंतर अधूनमधून. गाठीची एक सोय मला फार आवडते: ती ठीक आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं. शिलाईतला आतला टाका कधी उसवला ते कळत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती. घड्या.

रिअ‍ॅक्टिव्ह कुत्र्याबरोबर लीश पूर्ण लांबीवर क्वचितच असते. गल्लीत चालताना निम्मी हातात गोळा केलेली असते, मोकळी जागा आली की सोडायची, समोर काही दिसलं की परत गोळा करायची. पट्टी गोळा करायची म्हणजे तिच्या घड्या घालून मुठीत धरायच्या. तिथवर ठीक. पहाटे दुधाच्या गाड्या फिरत असतात त्या वेळेला आम्ही निघतो. पार्क केलेल्या गाडीखालून एखादं रस्त्यावरचं कुत्रं अंग झाडत बाहेर येतं. बंड्याचं तोंड मिटतं, कान पुढे होतात, पण अजून तो उसळलेला नाही. तो क्षण कामाचा. त्या वेळी मला त्याला दोन फूट जागा द्यायची असते, म्हणजे तो मान वळवून माझ्याकडे येऊ शकेल. पट्टीची घडी त्या वेळी एकतर बोटांत अडून बसते, नाहीतर अख्खी घडी एकदम निसटते. पहिल्यात लीश ताठ होते. दुसऱ्यात ढिली पडते आणि लगेच झटक्याने ताठ होते. दोन्हींचा शेवट एकच: बंड्या दोन पायांवर आणि वरच्या मजल्यावरचे दिवे लागलेले.

लीशचा ताण एवढा महत्त्वाचा का, हे ट्रेनर मंडळी सांगतातच. दोन कुत्री मोकळी असतील तर सहसा वळसा घेऊन, बाजूने एकमेकांकडे येतात. ताठ लीशवर वळसा घेता येत नाही. छाती पुढे, मान वर, समोरासमोर. समोरच्या कुत्र्याला ते आव्हान वाटतं, आणि आपल्याला पळता येत नाही हे आपल्या कुत्र्यालाही कळतं. म्हणजे भडका उडायला निमित्त आपणच पुरवतो. दोर गोल असल्याने बोटं जरा सैल केली की तो हवा तेवढाच सरकतो, पतंगाला ढील द्यावी तसा, आणि बोटं मिटली की थांबतो. बंड्याला मधे काही झालं हे जाणवतही नाही. पट्टी ओढली गेली की तिची कड बोटांच्या बेचक्यात कापते, शिवाय हुकाजवळ तिला पीळ पडतो, हे वेगळंच. पण ते मी चालवून घेतलं असतं.

दोराची बाजू घेताना त्याची खोड लपवणं बरं नाही. ढील देता येते तो दोर उसळीतही सरकतोच, आणि सरकताना तळहात सोलतो. म्हणून माझ्या दोराला हुकापासून हातभर अंतरावर एक साधी गाठ आहे आणि तिथून दीड फुटावर दुसरी. मूठ गाठीच्या मागे असली की दोर पुढे जात नाही. गाठी जास्त केल्यात तर मात्र सरकण्याचा फायदाच जातो, दोन पुरेत. हुकाजवळची फिगर ऑफ एट चांगली लिंबाएवढी होते आणि पुढच्या रिंगला लावली की चालताना छातीवर आपटते. बंड्याला त्याचं काही नाही, नाजूक कुत्र्याला असू शकतं. मागच्या रिंगला तो प्रश्नच येत नाही.

पाऊस हा दोराचा खरा शत्रू. आवरणातून पाणी आत शिरतं, लीश जड होते, चिखलाचे कण आत बसतात आणि दोन दिवस बाल्कनीत लटकवूनही कुबट वास जात नाही. पट्टी रात्री पंख्याखाली टाकली की सकाळी कोरडी. जून ते सप्टेंबर मुसळधार असेल त्या दिवशी मी निमूटपणे पट्टी काढतो. तशा पावसात रस्त्यावरची कुत्रीही आडोशाला असतात, त्यामुळे निभावतं. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल आणि चार महिने हेच असेल, तर माझ्या पसंतीकडे दुर्लक्ष करून पट्टी घ्या.

पट्टी घ्यावी असे आणखीही काही लोक आहेत. कुत्रा ओढतो पण भडकत नाही, तर घड्यांचा त्रास तुम्हाला होणारच नाही. शिवून घ्या आणि विसरून जा. घरात तिघेचौघे कुत्रा फिरवत असतील आणि गाठ तपासायची सवय कुणालाच नसेल, तरी पट्टी. पण कुत्रा मोठा आहे, अंतरावर काम चालू आहे, रोज मुठीतून लीश आत-बाहेर होते, असं असेल तर आधी दोर करून बघा असं मी सुचवेन. मागून आणलेल्या तुकड्याला खर्च तो हुकाचाच. नाही जमलं तर तोच हुक पट्टीला लागेल.

कमरेला लीश बांधायची कल्पना दोन्हींत सोडून द्या. ३६ किलो कंबरेतून वळवता येत नाहीत.

टेकडीवर किंवा मैदानात सरावाला पाच-दहा मीटरची लांब लीश लागते, तिथे मात्र हिशोब उलटा. एवढ्या लांबीचा दोर गवतातलं सगळं पाणी आणि कुसळं गोळा करत येतो, आणि पायाला वेढा पडून सरकला तर पोटरीवर भाजल्यासारखी रेघ उठते. तिथे पाऊण इंची पॉलिस्टर पट्टी, जमलं तर बायोथेनसारखी प्लॅस्टिकचा थर दिलेली. ती फडक्याने पुसली की झालं. ती फक्त हार्नेसच्या मागच्या रिंगला लावा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, आणि तिच्या शेवटाला हाताचा लूप शिवायला सांगू नका. लूप झुडपात अडकतो.