बातादची भातखाचरं : वरून फोटो काढून परतू नका

भात लावणाऱ्या कोकणातल्या घरांतून एकाने तरी ही सहल करावी असं मला मनापासून वाटतं. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, इफुगाओ प्रांतात, डोंगराच्या पायथ्यापासून वर चढत गेलेली भातखाचरं आहेत. आम्ही गेलो ती त्यातल्या बाताद गावची खाचरं बघायला. शिमगा आटपला तसे आम्ही निघालो. मी, आमचे हे आणि वन्सं. आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या वरच्या उताराला. तरवा काढणं, चिखलणी, मेर घालणं हे लहानपणापासूनचं. तेव्हा हॉटेलच्या गादीपेक्षा बांधाकडे माझं लक्ष जास्त होतं, हे धरूनच पुढचं वाचा.

राजधानी मनिलाहून इफुगाओतलं बनाऊए गाव साधारण ३५० किलोमीटर. रात्रीची बस नऊ-दहा तास घेते आणि आत थंडी अशी की शाल, कानटोपी हाताशीच ठेवा. बहुतेक सहली बनाऊएच्या रस्त्यावरच्या दोन-चार जागांवरून खाली बघून, फोटो काढून परत फिरतात. मनिलातला एक एजंट आमच्या गळ्यातही तेच मारायला बघत होता. बातादचा रस्ता बंद आहे म्हणाला. रस्ता उघडा होता. बनाऊएचा देखावा वीस पेसोच्या नोटेच्या मागे छापलेला आहे, सुंदरच आहे. पण युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशात घेतली ती खाचरं वेगळी : बाताद, बांगान, हुंगदुआन, मायोयाओ आणि नागाकादान. इतक्या लांब जाऊन रस्त्यावरूनच परतायचं तर न गेलेलं बरं.

बातादला गाडी थेट जात नाही. जीपनी, म्हणजे तिथली प्रवासी जीप, सोडते तिथून पायवाटेने उतरायचं. आणि एका वळणावर समोरचा अख्खा डोंगर अर्धगोल आकारात, पायरीवर पायरी असा उभा राहतो. हे तर तिथेच बसले.

आमचा गाइड गावातलाच, स्वतः त्याच खाचरांत राबणारा. म्हणून मी या सहलीला एवढे गुण देते. त्याने आम्हाला पायवाटेवरून न नेता बांधावरून नेलं. बांध म्हणजे दगडी भिंतच, काही ठिकाणी माणसापेक्षा उंच, माथा जेमतेम एक पाऊल मावेल एवढा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सरळ खाली खाचर. वन्संचा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. वरच्या खाचरात चढायला भिंतीतूनच लांब दगड बाहेर काढून ठेवलेत, त्यावर पाय देत जायचं. एका जागी भिंत पावसात ढासळलेली होती. तिथे थांबून त्याने दाखवलं, मोठा धोंडा कुठे बसवतात, मागे बारीक दगड आणि माती कशी ठासतात, पाणी फुगू नये म्हणून वाट कुठे ठेवतात. आमच्या ह्यांनी तिथे बराच वेळ घालवला. गांडुळं बांध पोखरतात आणि बाहेरून आणलेली गोगलगाय कोवळं भात खाते, ही त्याची रोजची डोकेदुखी.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते माथ्यावरच्या रानाने. प्रत्येक घराचं आपापलं रान खाचरांच्या वर राखलेलं असतं, त्याला मुयोंग म्हणतात. घराला लाकूड, चुलीला सरपण त्यातूनच काढतात, पण रान उघडं पडू देत नाहीत. ते पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि पाटाने खाचराखाचरात सोडतं. आपल्याकडे काय होतं? माथा ठेकेदाराला तोडायला द्यायचा आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ बघायचा. हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

तिथलंही सगळं सुखाचं नाही. पोरं शहरात जातात, बांध पडतात, खाचरं पडीक राहतात. २००१ ते २०१२ ही खाचरं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती. ती दोन हजार वर्षांची आहेत असं जिकडे तिकडे सांगतात. जुन्या किआंगान गावात उत्खनन केलेल्या पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं मात्र वेगळं आहे : पाण्यातली भातशेती इथे स्पॅनिश आल्यानंतर, म्हणजे चारएकशे वर्षांपूर्वी वाढली. माझ्या लेखी त्याने भिंतींचं मोल तसूभरही कमी होत नाही.

मुक्काम गावातल्या एका घरातच केला. खोली साधी आणि स्वच्छ, गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे. जेवणात भात, अंडं, पालेभाजी. डुकराचं मांस चालत नसेल तर आधीच सांगा. तिथलं जुनं भात, तिनावोन, वर्षातून एकदाच पिकतं. विळ्याने कापत नाहीत. लहान पात्याने एकेक लोंबी खुडतात, जुड्या बांधतात आणि तशाच कोठारात ठेवतात. कोठार खांबांवर उभं, प्रत्येक खांबाला लाकडाची गोल चकती, म्हणजे उंदीर वर चढत नाही. मी वाकून वाकून पाहिली ती चकती. पुढच्या हंगामाआधी आमच्या माचाला बसवायचीच आहे.

संध्याकाळी घरातल्या आजींनी विडा पुढे केला. पान, सुपारी, चुना, सगळं आपलंच, फक्त सुपारी ओली. पेरणीला आणि कापणीला तिथल्या बायका हुदहुद गातात. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत ते गाणंही आहे. आजींनी थोडं गाऊन दाखवलं, मग वन्संनी आपलं लावणीचं गाणं म्हटलं. भाषा कुणालाच कुणाची कळत नव्हती, आजी मात्र ताल बरोबर धरत होत्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो परतीच्या चढासाठी. गुडघे दुखणाऱ्यांना तो झेपणार नाही, आणि विकणारे हे आधी सांगत नाहीत. पावसाळी वादळांत दरडी कोसळतात, त्यामुळे जुलैनंतर नकोच. एप्रिल-मेमध्ये भात हिरवंगार असतं, आणि ज्यांच्या आंब्याच्या बागा नाहीत त्यांना तेव्हा सवडही असते. भारतीयांना २०२५ पासून १४ दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही. तळाला चांगली पकड असलेले बूट घ्या, पैसे रोख ठेवा आणि गाइड बातादचाच मागा. दर आधी ठरवा, मग घासाघीस करू नका. ते पैसे बांध उभा करणाऱ्याच्याच घरात जातात.