वजन झपाट्याने उतरवावे की सावकाश? पित्ताशयातील खड्यांच्या दृष्टीने दोन आहारपद्धती

वजन कमी करायचे ठरवलेल्या माणसासमोर साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दिवसाला ८०० किलोकॅलरींच्या आत राहणारा, तेल-तूप जवळजवळ वर्ज्य करणारा कडक आहार. दुसरा म्हणजे रोजच्याच जेवणाचे प्रमाण आवरते घेऊन आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरवण्याचा संथ क्रम. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या अंगाने या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. पित्ताशयाची आठवण मात्र बहुधा सोनोग्राफीत खडे दिसल्यावरच येते.

कडक आहाराचे आकर्षण खोटे नाही, कारण वजन खरोखरच लवकर उतरते. परंतु शरीरातील चरबी वेगाने वितळू लागली की यकृत पित्तरसात अधिक कोलेस्टेरॉल सोडते, आणि नेमक्या त्याच काळात पित्ताशय सुस्तावते. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचल्यावर सुटणाऱ्या संप्रेरकामुळे पित्ताशय आकुंचन पावते व रिकामे होते. स्निग्धांशच नसेल तर हा इशारा क्षीण होतो, पित्तरस साचून घट्ट होत जातो आणि त्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक जमतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन घटू लागले की खड्यांचा धोका ठळकपणे वाढतो. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेकांना खडे होतात, त्यामागेही मुख्यतः हेच कारण असते.

इटलीतील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक लहानसा अभ्यास येथे बोलका आहे. दोन्ही गटांना ६०० किलोकॅलरींहून कमी आहार होता. फरक होता तो एका गटाला दिवसाला ३ ग्रॅम, तर दुसऱ्याला सुमारे १२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळण्याचा. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी पहिल्या गटात ११ जणांतील ६ जणांना खडे झाले, दुसऱ्यात एकालाही नाही. इतक्या थोड्या माणसांवरून टक्केवारी मांडत बसू नये, पण दिशा स्पष्ट आहे, आणि १२ ग्रॅम म्हणजे अडीच लहान चमचे तेल किंवा तूप, याहून जास्त काही नाही.

म्हणून माझा कौल संथ मार्गाला आहे, आणि त्यात वरणावरच्या तुपाला किंवा मूठभर शेंगदाण्यांना जागा ठेवावी. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत नियमित शेंगदाणे व सुकामेवा खाणाऱ्या स्त्रियांना पित्ताशय काढण्याची वेळ कमी प्रमाणात आली, तर साखर व मैद्यासारखी पटकन पचणारी कर्बोदके भरपूर खाणाऱ्यांना जास्त. दोन जेवणांतील फार लांब अंतर पित्ताशयाला मानवत नाही. एकादशीच्या एका उपवासाने खडे होत नाहीत हे खरे, पण दिवसभर पोट रिकामे ठेवून रात्री साबुदाणा आणि बटाटा, असे महिनोन्‌महिने चालवणे हा वजन उतरवण्याचा चांगला मार्ग नव्हे. वजन उतरवून पुन्हा वाढवण्याचे चक्रही धोक्याचे, आणि झपाट्याने उतरलेले वजन टिकवणे बहुतेकांना जड जाते. अर्थात वाढलेले वजन तसेच राहू देणे हा पर्याय नाही, कारण स्थूलता हेच खड्यांचे एक मोठे कारण आहे.

शाकाहार की मांसाहार, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे. इंग्लंडमधील १९८५ च्या एका पाहणीत शाकाहारी स्त्रियांमध्ये खडे निम्म्याने कमी आढळले होते; पुढे तेथल्याच बऱ्याच मोठ्या पाहणीत, वजनाचा फरक हिशेबात घेतल्यावर, शाकाहाऱ्यांना त्रासदायक खड्यांचे प्रमाण किंचित जास्तच दिसले.

ज्यांना खडे आधीच आहेत आणि तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांना कमी स्निग्ध आहाराने वेदना टळू शकतात, खडे मात्र विरघळत नाहीत; खडे पाडण्यासाठी काही जण करतात त्या ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाच्या ‘शुद्धी’नंतर शौचातून पडणारे हिरवट गोळे बहुधा त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. आणि वैद्यकीय कारणासाठी वजन वेगानेच उतरवावे लागणार असेल, तर त्या काळापुरते, खडे होऊ नयेत म्हणून, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाचे औषध द्यावे का, हे डॉक्टरांना आहार सुरू करण्यापूर्वीच विचारावे.